सुताचा दरही रोज छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या दैनिकात मंदीबद्दल वाचकांची पत्रं येत आहेत. धीर धरा, खचू नका, हेही दिवस जातील, असं बहुतेकांनी लिहिलं आहे. त्यांची कळकळ खरी आहे, वाचताना ती जाणवते. पण इचलकरंजीत आठ साध्या यंत्रमागांवर संसार केलेल्या बाईला धीर कशाने येतो आणि कशाने सुटतो, तेही कुणीतरी लिहायला हवं असं वाटलं. म्हणून हे पत्र.

आम्ही खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. आपण विणून द्यायचं आणि पिकावर मजुरी घ्यायची. ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, एक इंच कापडात जेवढे आडवे धागे बसतात तेवढे त्याचे पिक. ५२ पिकाच्या कापडाला पिकामागे सहा पैसे ठरले, तर मीटरला ३ रुपये १२ पैसे मिळतात. त्यातूनच कामगाराचा पगार, विजेचं बिल, कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी, धोटे, पट्टे, तेल. साधा माग दिवसरात्र नीट चालला, तर ऐंशी मीटरच्या आसपास कापड उतरतं. या हिशेबात पिकामागे एकच पैसा कमी झाला, की आठ मागांवर दिवसाला ३३३ रुपये जातात. महिन्याचे आठ हजारांवर. आमच्या घरचा किराणा, गॅस आणि सासूबाईंची औषधं मिळून तेवढेच होतात.

मंदीत हा एक पैसा कसा जातो, ते सांगते. मागच्या दिवाळीनंतर व्यापाऱ्याचे दिवाणजी आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, राजस्थानात पालीत माल पडून आहे, बालोत्र्यात उठाव नाही. पाच पैशांनी करता का बोला, नाहीतर शेठ सूत उचलायला सांगताहेत. गल्लीत सगळ्यांनी हो म्हटलंय." मी म्हटलं, उद्या सांगते. रात्रभर हिशेब मांडला. माग बंद ठेवले तर कामगार दुसरीकडे जाणार, पाच पैशांनी चालवले तर पदरचे घालावे लागणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिशी होती. तिथे बोलता बोलता कळलं, की गल्लीतल्या तिघींकडेही दिवाणजी जाऊन आले होते आणि तिघींनाही सांगितलं होतं, की आठ मागवाल्या वहिनींनी हो म्हटलंय. मी तर अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!

आम्ही चौघी घरच्या माणसांना घेऊन एकत्र पेढीवर गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. शेठही अडचणीत होते, त्यांचे पैसे राजस्थानात अडकले होते, तेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. साडेपाच पैशांवर ठरलं. अर्धा पैसा गेला तो गेलाच. पण त्या दिवशी घरी येताना छातीवरचं ओझं उतरलं होतं. कुणी मला धीर धरा म्हटलं नव्हतं. बाजारात खरोखर काय चाललंय आणि शेजारणीचं काय चाललंय, एवढंच फक्त मला कळलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, संपादकसाहेब. तुटवडा माणूस सोसतो. काहीच कळत नसलं, की मात्र त्याचा धीर सुटतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगताना मला अजून जड जातं. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस खंडीला लाख रुपयांच्या वर गेला. सूत भडकलं, कापडाचा भाव काही तेवढा चढेना, व्यापाऱ्यांनी बीम, म्हणजे मागावर चढवायचा उभ्या धाग्यांचा रूळ, देणं थांबवलं. आमचे सात माग उभे राहिले. आठव्यावर एक बीम शिल्लक होतं. ते आम्ही पुरवून पुरवून चालवलं, रोज रात्री दोन तास. कापडासाठी नाही. गल्लीला आवाज ऐकू जावा म्हणून. इचलकरंजीत ज्याच्या घरातून मागाचा आवाज येत नाही, त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. हे चहाच्या कट्ट्यावर जाईनासे झाले. मी दोन लग्नांना गेले नाही, आहेर करायला लागेल म्हणून. किराणा दुकानाच्या पुढून जायला नको म्हणून मागच्या बोळातून जायचे.

सहा-सात महिन्यांनी पलीकडच्या घरच्या काकूंनी सांगितलं, की त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडेही एकच माग चालू होता, तोही रात्रीच. आमचा आवाज ऐकून त्यांना वाटायचं, यांचं बरं चाललंय, आपलंच नशीब फुटकं. आम्हालाही त्यांचा आवाज ऐकून तसंच वाटायचं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन घरं एकमेकांच्या भीतीने वीज जाळत होती. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी आम्ही दोघी रडलो.

तेव्हापासून आमच्या भिशीचा नियम बदलला. बाराजणी आहोत. पूर्वी चिठ्ठी काढायचो. आता मंदी असली, की चिठ्ठी नाही. ज्या घरचा हप्ता थकला असेल तिने पहिली भिशी उचलायची. आधी कुणी तोंड उघडेना. पहिल्या महिन्यात सगळ्या गप्प, चहा गार झाला. शेवटी वहिफणीचं, म्हणजे बीमचे धागे मागासाठी ओवून द्यायचं काम करणाऱ्या घरातल्या एकीने सांगितलं, की मुलाच्या फीचे राहिलेत. मग दुसरीने सांगितलं. आज कुणालाही सांगायला लाज वाटत नाही आणि अजून एकीनेही भिशी बुडवलेली नाही.

माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दीड वर्ष वाट पाहून ते बिऱ्हाड घेऊन गावाकडे आले. संपात गिरण्या बसल्या आणि तेच काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर आलं. मुंबईत त्यांचं ज्याने गेलं, त्यावरच इथे आमचं उभं राहिलं, हे ते कधी विसरले नाहीत. जुने दोन माग घेऊन त्यांनी सुरुवात केली. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, जणू स्वतः बघायला गेले होते.

त्यांची एक सवय होती. रोज संध्याकाळी एका लांबट वहीत तारीख, सुताचा दर, मजुरीचा दर आणि दर कुणाकडून कळला त्याचं नाव लिहायचे. मजुरी पडलेली असली, तर त्या दिवसाच्या आकड्याभोवती तांबड्या पेनने गोल. ते गेल्यावर वही मी चालू ठेवली. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या. कामगारांना पगार द्यायला सुट्टे पैसे नाहीत, व्यापारी फोन उचलेना. त्या रात्री ट्रंकेतून मी जुन्या वह्या काढल्या आणि तांबडे गोल मोजत बसले. सासऱ्यांच्या हयातीतला सगळ्यात लांब तांबडा पट्टा चौदा महिन्यांचा होता. त्यानंतर दर पुन्हा वर आलेला दिसत होता, त्यांच्याच अक्षरात. मला त्या रात्री झोप लागली ती त्या चौदाच्या आकड्यामुळे.

खोटं बोलणार नाही. त्यानंतरच्या वह्यांत तांबडं जास्त आहे. नोटाबंदी, २०१७ च्या जुलैपासून जीएसटी, मग २०२० ची टाळेबंदी. तेव्हा बिहार-ओडिशाची पोरं गावी गेली ती सगळी परत आली नाहीत. सगळे साधे माग टिकतील असंही मी म्हणत नाही. एअरजेट आणि रेपियर या नव्या वेगवान मागांपुढे आमच्या मागांची गती ती काय! आमच्या मुलाने मागावर यावं असा हट्ट आम्ही धरला नाही. पण कधी थांबायचं हे माणसाला हिशेबाने ठरवता यावं, भीतीने नव्हे. आमच्या मागच्या गल्लीत एका घराने घाबरून सहा माग भंगारात घातले. बिडाचा साचा तसा उचलत नाहीत, घणाने फोडून तुकडे करून काट्यावर टाकतात. फोडायला अर्धा दिवस लागला. त्या घरची आजी तोवर ओट्यावर पाठ करून बसली होती. पुढच्या महिन्यात सूत उतरलं आणि तेच व्यापारी रिकामे माग शोधत फिरू लागले. सूत उतरू लागल्याची बातमी मोठ्या पेढ्यांना दोन आठवडे आधी होती. त्या घराला नव्हती.

अफवा किती नुकसान करते, हे २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा दिसलं. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत व्यापाऱ्याला आयकरात तो खर्च दाखवता येणार नाही, असा नियम आला. नियम आमच्या भल्याचाच आहे. पण गावात पसरलं ते असं, की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्याला कुणी काम देणार नाही. आमच्या ओळखीतल्या कितीजणांनी घाबरून नोंदणी रद्द करायची धावपळ केली. नियम नेमका काय आहे हे सोप्या मराठीत चार ओळींत कुणी छापलं असतं, तर ती धावपळ वाचली असती.

म्हणून आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या पानावर सोन्याचा दर रोज असतो, शेअर बाजार असतो, भाजी मंडईचे भाव असतात. त्या शेजारी बोटभर जागा आम्हाला द्या. ३४ आणि ४० नंबर सुताचा दर, ५२ पिकाच्या कापडाची चालू मजुरी आणि पाली, बालोत्रा, अहमदाबादच्या बाजारात उठाव आहे की नाही, एवढं रोज छापा. वीज सवलतीच्या नोंदणीची मुदत कधी आहे, हे मुदत संपण्याआधी छापा. भिवंडी, मालेगाव, विट्याचे दरही देता आले तर फार बरं, म्हणजे आमच्याच गावात दर पाडला जातोय की सगळीकडेच पडलाय ते कळेल. दिवाणजी समोर बसलेले असताना मला पेपर पुढे ठेवता यायला हवा. दर पडलेला असला, तरी चालेल. पडलेला दर छापून आला, तर निदान तो खरा पडलाय हे कळतं आणि शेजारच्या घरीही तोच पेपर येतो.

रोज दर गोळा करायला माणूस नाही, अशी अडचण आपल्या कार्यालयाला येईल, हे मला समजतं. तसं असेल तर मी रोज संध्याकाळी सहाच्या आत तीन पेढ्यांचे दर विचारून आपल्या स्थानिक वार्ताहरांना कळवीन. नाहीतरी वहीत लिहायला मी ते विचारतेच. भिशीतल्या आणखी दोघी भाग वाटून घ्यायला तयार आहेत. एकीचे यजमान सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देऊन बीम भरतात तिथे आहेत, त्यामुळे बीम किती निघाले तेही सांगता येईल. वह्या पाहायच्या असतील, तर केव्हाही घरी या. एकूण अकरा आहेत. पहिल्या दोन भिजल्यात, बाकीच्या चांगल्या आहेत.

(माझं नाव छापू नये, ही विनंती. पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.)

आपली नियमित वाचक,
एक यंत्रमागधारक,
इचलकरंजी