विन्या, आधी दादाला फोन कर

पुणे, रविवार रात्र

प्रिय विन्या,

अप्पांचा रेडिओ काल संध्याकाळी बोलला. नुसता खरखरला नाही, बोलला. मीडियम वेव्हला ७९२ वर आकाशवाणीचं पुणे केंद्र लागलं, बातम्या चालू होत्या आणि स्टेशन नीट लागलं की मिटणारा तो हिरवा डोळा हळूहळू मिटत आला. सुधाला हाक मारली, तीही खूश झाली. पण हा रेडिओ जिथे वाजायचा तो वाडा तिने पाहिलेलाच नाही रे. हे तुलाच सांगायला हवं.

आणि आज सकाळी दादाचा फोन! बाणेरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्याला रेडिओ ठेवायचाय. ठेव की, कोण नको म्हणतंय? पण इंटिरिअरवाल्याने सुचवलंय की आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवू, डायलमागे एलईडीची पट्टी लावू. "नाहीतरी आतलं बंदच आहे ना," दादा म्हणाला. मी म्हटलं, कालपासून नाही. तर म्हणतो, "मीडियम वेव्ह आता ऐकतं कोण?" तेव्हापासून मला चैन नाही.

माझी तब्येत बरी, साखर आटोक्यात. सुधाचे गुडघे आहेत तसेच.

तर आतलं म्हणजे काय, ते नीट सांगतो. दादाशी बोलताना तुझ्याकडे मुद्दे हवेत. इतकी वर्षं बंद असलेला सेट थेट मेनला लावायचा नाही, ही नानांची शिकवण. सिरीजला १०० वॉटचा बल्ब टाकला. तो भक्कन पेटला आणि मंद होईना, म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट. माझ्या पोटात गोळाच आला, कारण मेन ट्रान्सफॉर्मर गेला असता तर पुढे बोलण्यासारखं काही उरलं नसतं. मग ईझेड ८०, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, काढून पाहिला आणि बल्ब विझत आला! म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिवंत, शॉर्ट पुढे फिल्टर कंडेन्सरमध्ये. तापकीर गल्लीत ४५० व्होल्टचे कंडेन्सर सहज मिळाले. (नानांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तू स्क्रूड्रायव्हर उचललास की ते आधी मेन स्विचकडे धावायचे, आठवतं?)

सेट सुरू झाला, पण आवाज फाटका, नाकातून आल्यासारखा, आणि थोड्या वेळात स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ व्हॉल्व्हची प्लेट तापून तांबूस दिसायला लागली. लगेच बंद केला. पुढच्या खेपेला मीटर लावूनच बसलो. ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, शून्याच्या आसपास हवं तिथे अधिक ९ व्होल्ट. कॅथोडला ७ च्या जागी साडेबारा. तू आत्ता हसला असशील, तुला इथेच कळलं असणार. कपलिंग कंडेन्सर! कागदाचा तो, इतके पावसाळे ओल धरून लीक झालेला. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे व्होल्ट थेट ग्रिडवर झिरपत होते. व्हॉल्व्ह जवळजवळ दुप्पट करंट ओढत होता. अजून थोडा चालवला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता.

आता आपलं जुनं भांडण. मूळ पार्ट हलवायचा नाही हे तुझं, आणि रेडिओ वाजलाच पाहिजे हे माझं. बादशाहीत अख्खं जेवण आपण एकमेकांशी बोललो नव्हतो, फक्त तू न बोलता आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली होतीस. या वेळी तुझा मान राखलाय. जुने कंडेन्सर गरम करून आतला मेणाचा कागद बाहेर काढला, त्याच पुठ्ठ्याच्या नळीत नवा फिल्म कंडेन्सर घातला आणि टोकं परत मेणाने बंद केली. चेसिस उलटी करून बघ, तुला जुनीच नावं, जुनेच आकडे दिसतील. वाजतोही आणि मूळचाही दिसतो. तरीही भांडायचं असेल तर ये इकडे, जागा बादशाहीचीच.

शेवटचा त्रास मीडियम वेव्हचा. शॉर्ट वेव्हला सळसळ, मीडियमला शुकशुकाट. बँड स्विचचे काँटॅक्ट काळे पडले होते, ते पुसत बसलो. मग स्टेशन आलं, पण त्यावर भयंकर भुणभुण. ती रेडिओची नव्हतीच, घरातल्या एलईडी ट्यूबची होती. सगळे दिवे बंद करून गॅलरीतून वायर सोडली तेव्हा आवाज स्वच्छ झाला. अंधारात नुसता डायल पेटलेला, आणि २५ मीटरवर आईंनी रेडिओ सिलोनसाठी चिकटवलेली टिकली अजून तिथेच आहे. इंटिरिअरवाला काच पुसेल तेव्हा ती पहिली जाईल.

दादाशी भांडू नकोस, तुझं ते लगेच होतं. त्याला आठवण करून दे की रेडिओच्या लायसनचं पुस्तक घेऊन पोस्टाच्या रांगेत तोच उभा राहायचा, आपण दोघं नाही. त्याचाही जीव आहे त्या रेडिओवर, फक्त तो आता कधी वाजेल असं त्याला वाटत नव्हतं. आणि ब्लूटूथ हवंच असेल तर मागे ग्रामोफोनच्या पिकअपची भोकं आहेत की! बाहेर छोटा रिसीव्हर ठेवून त्याची वायर तिथे खोचली की दादाच्या मोबाईलमधली गाणी त्याच ईएल ८४ मधून, अप्पांच्या स्पीकरवर वाजतील. एकही वायर कापावी लागत नाही. मी स्वतः बाणेरला जाऊन जोडून देईन. हे मी सांगितलं तर त्याला माझा हट्ट वाटेल, तू सांगितलंस तर ऐकेल. सुतार गुरुवारी येणार आहे, त्याआधी बोल.

मीनूचा निकाल लागला का? नागपुरात ऊन फार आहे म्हणे, दुपारी भटकू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप

ता. क. डोळा मिटतो पण फिका पडलाय, उजेडात दिसत नाही. नानांनी तुला दिलेला ईएम ८०, म्हणजे या डोळ्याचा व्हॉल्व्ह, अजून असेल तर येताना घेऊन ये. कुरियरने पाठवू नकोस.