तुमच्या खोलीबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला, म्हणून लिहितेय. मागची खोली, म्हणजे तुमची खोली, मी सुतारकामाला घेतलीय. घेऊ का असं विचारत नाहीये, घेऊन झालीय. खिडकीखाली कामाचं टेबल बसलंय आणि भिंतीवर करवत आणि काटकोन तपासायचा गुण्या टांगलाय.

आई, ‘मग आम्ही आलो की कुठे?’ असं लगेच मनात आणू नकोस. तुम्ही आमच्या खोलीत झोपायचं. तिथून बाथरूम चार पावलांवर आहे, रात्री भिंत चाचपत जायला नको. तुझी जाड उशी आणि बाबांची पायावर घ्यायची पातळ चादर तिकडे नेऊन ठेवलीय. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दिवा आहे, म्हणजे बाबांना हवं तेवढं वाचू दे आणि तू झोप. तुमचा फोटोही तिकडेच लावलाय. तुमची जागा गेलेली नाही, फक्त खोली बदललीय.

आधी हॉलमध्ये करून पाहिलं, खरंच. पण भुसा गाद्यांत जातो, आणि करवतीपेक्षा पॉलिश पेपरची धूळ वाईट. ती दिसत नाही, छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवलीय. घाबरू नका, ते वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांच्या अभ्यासांवरून आहे. मी मास्क लावते आणि झाडण्याऐवजी व्हॅक्युम वापरते. पण बाबांचा खोकला आठवला आणि ठरवलं, हे दार लागणाऱ्या खोलीतच करायचं आणि त्या खोलीत तुम्हाला झोपवायचं नाही.

आणि हे अचानक का काढलं म्हणाल, तर दिवसभर स्क्रीनपुढे बसून संध्याकाळी हातात काहीच उरत नाही. मला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

बाबा, तुमचा रंधा चालवतेय. पहिल्या दिवशी तो खरखरत अडकत होता, तंतू उपटून फळीत खळगे पडत होते. पातं जास्त बाहेर आलंय वाटून आत घेतलं, तरी तेच. मग तुम्ही करायचात तशी फळी डोळ्यासमोर आडवी धरली आणि कडेकडून पाहिलं. लाकडाच्या तंतूंच्या रेषा माझ्या दिशेने वर चढत होत्या, म्हणजे मी रंधा उलटा मारत होते. फळी फिरवली आणि पुन्हा रंधा मारला, तर आवाजच बदलला. सर्रकन एक लांब, पातळ, कागदासारखी साल वळत वळत बाहेर आली. मी ती बराच वेळ हातात धरून उभी होते. आई, अशाच साली मी कानांत डूल म्हणून अडकवायचे आणि तू रात्री केसांतून एकेक वेचून काढायचीस. ओरडायची नाहीस. तुझ्या हातांना तेव्हा लाकडाचा वास यायचा आणि मला तो बाबांचा वास वाटायचा.

मशीनची करवत आणलेली नाही, आणणारही नाही. एक हातकरवत, दोन पटाश्या, चार क्लॅम्प, बास. पटाशी रोज दगडावर घासते, कारण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. फळी क्लॅम्पमध्ये घट्ट, दोन्ही हात धारेच्या मागे. डाव्या अंगठ्यावरची ती खूण मला रोज दिसते, तेव्हा काळजी करू नका.

आता माझं ऐका. बाबा, खुर्चीला जवसाचं तेल लावायला काढाल तेव्हा तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. ते तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता आतच कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. उलगडून बाहेर मोकळ्या हवेत वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कपाटाचा खण दमट हवेत अडकतो म्हणून लगेच रंधून टाकू नका. लाकूड रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत परत आटतं, मग खण खुळखुळेल. कडांना मेण चोळून बघा. आणि माळ्यावर तुम्ही चढायचं नाही. मी आले की चढेन.

पहिली वस्तू आईसाठी करतेय, पायाखालचं स्टूल. पाय लोंबकळत राहिले की तुझे गुडघे दुखतात आणि तू सांगत नाहीस. एक पाय रेषेच्या बाहेरून कापायच्या ऐवजी रेषेवरच कापला आणि आखूड झाला. त्या लाकडाचा आता वरच्या फळीखालचा आडवा तुकडा होईल, नवा पाय कापून ठेवलाय. उंची मात्र अजून पक्की केलेली नाही. आई खुर्चीत मागे टेकून बसली की टाचेपासून जमिनीपर्यंत किती अंतर राहतं ते कळवा. बाबा, टेपनेच मोजा, अंदाजाने नको. आणि ती घरात चपला घालून बसते की अनवाणी, तेही लिहा, कारण तेवढ्यानेही दोन सेंटीमीटरचा फरक पडतो.

तुमचीच,
छकुली