रुग्णालयातल्या खाटेवर सही करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या आणि आमच्या किनाऱ्याकडच्या रस्त्यांवरच्या अपघातांच्या बातम्या आपल्या दैनिकात सतत येतात. किती दगावले, किती जखमी, गाडी कुठली, एवढं छापून येतं. जखमी माणूस घरी आल्यावर त्याच्या चुलीचं काय होतं, हे कुठे येत नाही. म्हणून हे पत्र लिहिते.

मी हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेते आणि दापोलीच्या बाजारात विकते. लग्न झाल्यापासून हाच धंदा. डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, पर्यटकांच्या मोटारीने मला रस्त्याच्या कडेला उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला आहे. आता मी चालते, पण गुडघा पुरता दुमडत नाही. उकिडवं बसता येत नाही, भरलेली टोपली उचलून डोक्यावर घेता येत नाही. बाजारातल्या माझ्या जागेवर सध्या जाऊबाई बसतात.

ऑपरेशन व्हायच्या आधीच गाडीवाल्याचे काका खाटेपाशी आले. वागायला सभ्य होते, फळं घेऊन आले होते. म्हणाले, "ताई, पोरगा अजून शिकतोय, त्याचं आयुष्य वाया जाईल. पन्नास हजार देतो, माणुसकीने मिटवूया." सोबत टाईप केलेला कागद होता. माझी काही तक्रार नाही, पुढे कसलीही भरपाई मागणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या घरातले आणि शेजारचे दोघंतिघं मला समजावत होते की घे, कोर्टात कोणाला काय मिळालंय! मी सही केली नाही. माझा भाऊ चिपळूणला एका वकिलांकडे टायपिंग करतो. त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं की काही झालं तरी कोणालाही सही देऊ नकोस.

नंतर मला जे कळलं ते प्रत्येक घरात कळायला हवं. भरपाईचा पैसा त्या पोराच्या खिशातून जात नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि तो माझ्यासारख्या रस्त्यावरच्या माणसासाठीच आहे. भरपाई विमा कंपनी देते. पोलिसांचा फौजदारी खटला वेगळा चालतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं ठरवणाऱ्या कोर्टात, दावा टाकला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. त्यामुळे "त्याचं आयुष्य वाया जाईल" हे सांगून गरिबाकडून जी सही घेतली जाते, ती विमा कंपनीच्याच उपयोगाची असते. तो कागद पुढे आपल्याच विरुद्ध काढून दाखवतात.

दुसरी भीती लोकांना असते ती लांबच्या कोर्टाची. गाडी पुण्याची, मग पुण्याला खेपा घालायच्या का? नाही. अपघात जिथे झाला तिथे किंवा जखमी माणूस जिथे राहतो तिथे दावा दाखल करता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अटसुद्धा नाही. "मिळेल त्यात इतके टक्के माझे" असं सांगत रुग्णालयाच्या आवारात फिरणारे लोक मी पाहिले आहेत. वकिलाने भरपाईत टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बसत नाही, हे लोकांना सांगायला तिथे कोणी नसतं.

आता माझ्या दाव्यातली खरी अडचण सांगते, कारण ती आमच्या बंदरावरच्या प्रत्येकीची आहे. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "बाई, तुमच्या उत्पन्नाचा पुरावा काय?" लिलाव तोंडी होतो. पापलेट असो की मांदेली, बोली लागते, पैसे हातात द्यायचे, टोपली उचलायची. पावती कोण देणार? मग मी घरातून एकेक कागद शोधून काढला. बाजारातल्या जागेच्या भाड्याच्या पावत्या, बर्फवाल्याची उधारीची वही, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते भरलेलं पासबुक. दर महिन्याला हप्ता चुकत नव्हता, म्हणजे कमाई होती, हे माझ्या वकीलबाईंनी त्यावरून मांडलं. समोरून म्हणणं आलं की जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वर्षाचे दहाच महिने धरा. बंदीच्या दिवसांत आम्ही सुके बोंबील, सोडे आणि जवळा विकतो, हे त्यांना ठाऊक नसावं. उन्हाळ्यात वाळवून ठेवतो ते त्यासाठीच.

याच्याही पुढची गोष्ट टक्क्यांची. मला पायाच्या अपंगत्वाचं पस्तीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं आहे. विमा कंपनी म्हणते, कमाईही पस्तीस टक्केच बुडाली असं धरा. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमी माणूस काय काम करत होता, ते बघायला हवं. हात गेला तर सुताराचं सगळं कामच जातं, कारकुनाची नोकरी टिकू शकते. माझा पाय एखाद्या टेबलावर बसून काम करणाऱ्या बाईचा असता तर पस्तीस टक्के मीही मानले असते. मासळीवालीला बसता येत नाही आणि ओझं उचलता येत नाही, मग तिच्या धंद्यात उरलं काय?

हा फरक पैशात केवढा होतो ते बघा. अपघाताच्या वेळी माझं वय ४३ होतं. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात. ४१ ते ४५ वयाला १४ चा गुणक लावायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालापासून ठरलेलं आहे. महिन्याची कमाई बारा हजार धरली तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, गुणिले १४ म्हणजे २० लाख १६ हजार. त्याचे पस्तीस टक्के ७ लाख ५ हजार ६००. पण धंदा बघून कमाईचं नुकसान समजा सत्तर टक्के धरलं, तर १४ लाख ११ हजार २००. औषधपाणी, येण्याजाण्याचा खर्च, पुढे रॉड काढायचं ऑपरेशन आणि सोसलेलं दुखणं यांचं वेगळं. खाटेपाशी आलेला आकडा पन्नास हजार होता. माझा निकाल अजून लागायचा आहे, काय मिळेल ते न्यायाधिकरण ठरवील. पण सही केली असती तर हा हिशोब कोणी मांडलाच नसता.

मुदतीचं तर लोकांच्या गावीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायची अट घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. तरी अंतिम निकाल होईपर्यंत त्यावर विसंबून राहू नये. हाड जुळायलाच चारपाच महिने जातात आणि "बरं वाटलं की बघू" म्हणताना मुदत संपते. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. आपल्या अपघाताचा अहवाल गेला का, हे जखमीच्या घरच्यांनी ठाण्यात जाऊन विचारावं. विचारायला घाबरू नये.

माझं प्रशासनाकडे मागणं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर आणि पोलीस ठाण्यात ठळक मराठीत फलक लावा. दाव्याची मुदत, लागणारे कागद, विधी सेवा समितीचा पत्ता आणि मे २०२५ पासून सुरू झालेली दीड लाखापर्यंतच्या, सात दिवसांच्या कॅशलेस उपचाराची योजना, एवढं तरी त्यावर हवं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं शिबिर तालुक्याला घ्या, मोडलेला पाय घेऊन एसटीने रत्नागिरी गाठायला लावू नका. आणि बंदरावरच्या मच्छीमार सोसायट्यांनी लिलावात माल घेणाऱ्या बायकांना, साध्या चिठ्ठीवर का होईना, रोजच्या खरेदीची नोंद द्यायला सुरुवात करावी.

आपण ही माहिती एकदा ठळक चौकटीत छापावी, अशी विनंती आहे. येत्या पर्यटन हंगामाच्या आधी छापलीत तर जास्त बरं.

आपली नम्र,
एक मासळी विक्रेती,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी