कंपायलरच्या पडताळणीचे संशोधन सांगलीतही व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस जवळ आले की संगणक शाखेविषयी आपल्या भागात पुष्कळ बोलले जाते. परंतु त्या चर्चेत संशोधनाचा, त्यातही कंपायलरसारख्या मूलभूत विषयातील संशोधनाचा, उल्लेख क्वचितच येतो. हा विषय शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेला एक निवृत्त शिक्षक म्हणून मला त्याविषयी कळकळीने लिहावेसे वाटते.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम कंपायलर करतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बनणारे कंट्रोल पॅनेल असो की मिरजेच्या रुग्णालयात सलाईनचा वेग राखणारा पंप, त्यात प्रत्यक्ष चालतो तो कंपायलरने तयार केलेला कोड. मूळ प्रोग्राम कितीही काळजीपूर्वक तपासला, तरी तो उतरवताना कंपायलरनेच अर्थ बदलला, तर ती सारी तपासणी वाया जाते. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सी भाषेतील प्रोग्राम आपोआप रचणारे ‘सीस्मिथ’ हे साधन तयार करून त्यावर प्रचलित कंपायलर पारखले आणि २०११ मध्ये जाहीर केले, की तोवर ठाऊक नसलेले ३२५ हून अधिक दोष त्यांना सापडले होते.

असे दोष येतात कोठून, तर बहुधा कोड वेगवान करण्याच्या प्रयत्नातून. एखाद्या संख्येला दोनने गुणून पुन्हा दोनने भागले, तर मूळ संख्याच मिळते, म्हणून दोन्ही क्रिया गाळाव्यात, हे कोणालाही पटेल. मात्र ऋण संख्या नसलेल्या ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या ३२ अंकांत बसवलेल्या, गणितात २,१४,७४,८३,६४८ या संख्येची दुप्पट मावत नाही, वरचा अंक गळून उत्तर शून्य येते आणि त्याचा निम्मा भागही शून्यच राहतो. वहीवर बरोबर असलेला फेरफार यंत्रावर चूक ठरतो तो असा. नेमकी तीच संख्या चाचणीत वापरली गेली नाही, तर ही चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते. फेरफार प्रत्येक संख्येसाठी बरोबर असल्याच्या गणिती सिद्धतेला मात्र ती वगळून पुढे जाताच येत नाही.

फ्रान्समधील इन्रिया या संस्थेत झाव्हिए लरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉम्पसर्ट’ हा सी भाषेचा कंपायलर याच विचाराने घडवला. उतरवलेला कोड मूळ प्रोग्रामप्रमाणेच वागतो, याची गणिती सिद्धता त्यांनी कॉक (आता रॉक) या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीत लिहिली आणि ती संगणकाकडून पायरी-पायरीने तपासून घेतली. सीस्मिथच्या कसोटीत या कंपायलरच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड निर्माण करणारा एकही दोष आढळला नाही. जे थोडे आढळले, ते सिद्धतेच्या कक्षेबाहेरील भागात होते. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सिद्धतेचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्यातून एकाच वेळी स्पष्ट होतात.

एवढे मोठे काम आपल्याकडे लगेच उभे राहावे, असे माझे म्हणणे नाही. पण छोटी वाट उपलब्ध आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अलाइव्ह’ या साधनाच्या कामात एलएलव्हीएम या कंपायलरमधील तीनशेहून अधिक फेरफार एकेक करून पडताळले गेले आणि त्यांतील ८ चुकीचे निघाले. असा एखादा फेरफार निवडून तो कोणत्या अटींखाली योग्य ठरतो, हे सिद्ध करणे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक, विनामूल्य मिळणारी साधने आणि तर्कशास्त्राची आवड असलेला मार्गदर्शक पुरे. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात आणि मुंबईच्या आयआयटीत प्रोग्रामच्या विश्लेषणावर व पडताळणीवर दीर्घकाळ काम झालेले आहे, तेव्हा जाणकारांचा सल्ला मिळवण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.

खरी अडचण मूल्यमापनाची आहे. प्रकल्पाच्या परीक्षेत पडद्यावर काय चालून दिसते, यालाच गुण मिळतात, आणि सिद्धता पडद्यावर चालून दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्र मन लावून शिकलेली हुशार मुलेही चौथ्या वर्षी त्याकडे वळत नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला आणि सांगली, कराड परिसरातील स्वायत्त महाविद्यालयांना माझी विनंती आहे, की यंत्राने तपासलेली सिद्धता हा पूर्ण प्रकल्प म्हणून स्वीकारावा, तिच्या परीक्षणासाठी या विषयातील बाहेरचा जाणकार बोलवावा आणि पीएच.डी.च्या प्रगती अहवालातही अशा सिद्धतेची नोंद शोधनिबंधाच्या बरोबरीने व्हावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
विश्रामबाग, सांगली