पिकनिक नको, पत्ता सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी म्हापशाला अठरा वर्षांपुढच्या मुलांना शिकवते, ज्यांना शिकायला जरा जास्त वेळ लागतो अशांना. मुलं म्हणते खरी, पण त्यातला एक आता २२ वर्षांचा बाप्या आहे, मिशी ठेवलीय. आमच्यासारख्या वर्गांतून वर्षाला एखादी पिकनिक होते, बस करायची, सगळ्यांना एकसारख्या टोप्या घालायच्या, मये तलावावर न्यायचं, मोजून नेलं तसं मोजून परत आणायचं, की झालं. फोटो छान येतात. पण दुसऱ्या रविवारी तोच मुलगा दिवसभर टीव्हीपुढे बसलेला असतो कारण त्याला तिथे नेलं होतं, कसं जायचं ते कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून यंदा आम्ही पिकनिक बंद केली आणि त्या बाप्याला विचारलं, तुला कुठे जायचंय? तर म्हणाला फुटबॉलचे फोटो बघायला, सगळे पेपर जिथे असतात तिथे! म्हणजे पणजीची सेंट्रल लायब्ररी, कृष्णदास शामा वाचनालय, १८३२ सालापासूनची संस्था आणि आता पणजीतल्याच पाटो भागात, कदंब म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या स्टँडपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. आम्हाला हे फारच सोयीचं पडलं कारण म्हापशाहून कदंबची शटल थेट पणजी स्टँडवर सोडते, मध्ये उतरा-चढायची भानगड नाही आणि तिकीट आधीच खिडकीवर घ्यायचं असल्यामुळे धावत्या बसमध्ये सुट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद नाही. पहिल्या खेपेला मी शेजारी बसले, दुसऱ्या खेपेला मागच्या सीटवर, तिसऱ्या खेपेला तीन सीटा मागे अनोळखी बाईसारखी. त्या दिवशी स्टँडवर तो चुकीच्या बाजूला वळला आणि मला उठून हाक मारावीशी वाटली, जीभ चावून गप्प राहिले. शेवटी त्याने एका पॉपकॉर्नवाल्याला विचारलं. चौथ्या खेपेला एकटा गेला, मी घरी घड्याळाकडे बघत बसले ते वेगळं.

आता तक्रार. दुसऱ्या एका मुलीला पोहायचं होतं, तर आम्ही ठरवलं की पोहण्याच्या तलावाची चौकशी तिनेच फोनवर करायची. तिने हातभर कागदावर तीन प्रश्न लिहिले, आज उक्तें आसा? कितल्या वरांचेर बंद जाता? पयशे कितले? (आज उघडं आहे का, किती वाजता बंद होतं, पैसे किती.) दोनदा आरशासमोर सराव केला. पलीकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न अर्धवट ऐकून सांगितलं, वेबसायटीर पळय, म्हणजे वेबसाइटवर बघ, आणि फोन ठेवला. वेबसाइटवर काय तर जुन्या टेंडरची पीडीएफ! मग दोघी प्रत्यक्ष गेलो, तर काउंटरवरचे गृहस्थ तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून विचारतात, हिला पोहता येतं का? अहो ती उभी आहे ना समोर, तिलाच विचारा की. (पण नुसतं त्यांनाच कशाला बोलू, उत्तर द्यायला माझंही तोंड उघडलं होतंच, आम्हा शिक्षिकांना आणि आईबापांना ही खोड फार.)

दिव्यांग हक्कांचा २०१६चा कायदा आहे, त्यात कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल आणि कलम ३० खेळाबद्दल आहे, म्हणजे आम्ही काही मेहेरबानी मागत नाहीये. २०२३ला पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, चांगलंच झालं, मुलं नाचली. पण ते वर्षातले मोजके दिवस, बाकीच्या दिवसांचं काय? रॅम्प बांधले म्हणजे सगळं झालं असं समजतात, पण ज्याला पाय आहेत आणि पाटीच वाचून कळत नाही त्याला रॅम्पचा काय उपयोग! मडगाव, साखळी, कुडचडे, बायणा इथली रवींद्र भवनं, बागा, मैदानं, पोहण्याचे तलाव, सगळीकडे एक साधं पान लावायला किती खर्च येतो? कधी उघडं, किती पैसे, आत शिरल्यावर कोणाला विचारायचं, आणि दाराचा एक फोटो. मोठ्या अक्षरात, कोकणी-मराठीत. बस. त्याचा फायदा माझ्या सासूबाईंनाही होईल, त्यांनाही त्या सरकारी पाट्या कळत नाहीत.

आणि घरच्यांना एवढंच, की सुरुवात छोटी करा. पणजी-बेती फेरीबोटीला पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही, पलीकडे जाऊन परत यायला सांगा आणि तुम्ही धक्क्यावर थांबा.

एक विनंती तुम्हालाही. तुमच्या पेपरातल्या ‘आजचे कार्यक्रम’मध्ये नुसतं ‘रवींद्र भवन, सायं. ६’ असं येतं. तिकीट आहे की फुकट, आणि परतीची शेवटची बस किती वाजता, एवढं जोडाल का? आमचा तो बाप्या पेपर मागच्या पानापासून वाचतो, तेव्हा जमलं तर तिथेच फुटबॉलच्या खाली छापा.

आपली,
एक शिक्षिका, म्हापसा