बेसबॉलप्रेमी आजोबा

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेटबरोबर बेसबॉललाही मान्यता मिळाली, तेव्हा चर्चा बहुतेक क्रिकेटचीच झाली. गिरगावातल्या आमच्या घरी मात्र आजोबांनी बेसबॉलसाठी पेढे वाटले.

गेल्या महिन्यात ते गेले. १५ एप्रिल १९४७ रोजी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून मैदानात उतरले आणि अमेरिकेतल्या या खेळातली वर्णभेदाची भिंत कोसळली, ही हकीकत ते आम्हा नातवंडांना मोड आलेले वाल सोलताना सांगत आणि बेसची, म्हणजे धावताना गाठायच्या ठिकाणांची, मांडणीही ताटात वालांनीच करून दाखवत. ते बिरडे नारळाच्या दुधात तेच शिजवत. रविवारी सुनांना स्वयंपाकघरात येऊ देत नसत, आणि सारे कुटुंब पंगतीला बसल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. असा प्रेमळ सुगरण पुरुष त्यांच्या पिढीत विरळाच.

महाराष्ट्रात शालेय पातळीवर बेसबॉल खेळला जातो. त्या मुलांच्या सामन्यांना आपल्या क्रीडा पानावर नियमित जागा मिळावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई