समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालचा मासेमारीवरचा अग्रलेख वाचला. मासेमारीची घातक सरकारी अनुदानं आवरण्याचा जागतिक व्यापार संघटनेचा करार २०२२ मध्ये जिनिव्हात झाला, १५ सप्टेंबर २०२५ ला अमलात आला आणि तेव्हा भारत त्यात नव्हता, याचं आपल्याला फार वाईट वाटलेलं दिसतं. वाटू द्या. पण अख्खा लेख जिनिव्हा, रोम, न्यूयॉर्क हिंडून आला आणि मासा शेवटी जिथे शिजतो तिकडे काही फिरकला नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या यावल तालुक्यात समुद्र नाही, पण सुकट-बोंबील नसलेला आठवडे बाजार मला कोणी दाखवावा. गेल्या बाजारी पाव किलो सुकट आणली. मंडळींनी ती पाखडायला सुपात घेतली आणि मला हाक मारली. जवळ्याच्या त्या गुलाबी चुऱ्यात खेकड्याच्या नांग्या होत्या, मांदेलीची मुंडकी होती, आणि आठ आण्याच्या नाण्याएवढी पापलेटची पिल्लं. शेपटीसकट, वाळून कागद झालेली. चांगली मूठभर निघाली. माझा धाकटा मेहुणा पालघरकडे नोकरीला होता, त्याने बघताक्षणी सांगितलं की पापलेटच आहे. जवळ्यासाठी पिशवीसारखं डोल जाळं बारीक आसाचंच (भोकांचंच) लागतं, त्यात ही पिल्लं येतात आणि मग जवळ्याबरोबरच वाळतात.

आता हेच पापलेट आपल्या सरकारने २०२३ मध्ये राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींचं किमान आकारमान ठरवून दिलं, त्याहून लहान मासा पकडू नये म्हणून. आपणच त्याची बातमी छापली होती, फोटोसकट.

दुसऱ्या बाजारी पिल्लं पुडीत बांधून सुकट विकणाऱ्या मावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, लेनं व्हई ते ल्या, नई ते पुढे सरका." त्यांचं काय चुकलं? पोतं त्यांच्याकडे जसं येतं तसं त्या विकतात. मग एका सरकारी कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, जळगाव जिल्ह्यात समुद्र कुठे आहे?" वर हसलेही. मी म्हटलं, समुद्र नाही, पण समुद्रातली चोरी आमच्या सुपात आली आहे, तिचं काय करू? फोन ठेवला गेला.

संपादक महाशय, आपल्या अग्रलेखात हे यायला हवं होतं. युरोपने २०१० पासून नियम केला की समुद्रात पकडलेला मासा त्यांच्याकडे पाठवायचा तर कोणत्या बोटीने, कोणत्या भागात पकडला याचं प्रमाणपत्र सोबत हवं. आपली सागरी उत्पादनं निर्यात विकास प्राधिकरणाची मंडळी ते इमानेइतबारे देतात. म्हणजे तिकडच्या माणसाच्या ताटातल्या म्हाकुळाची कुंडली तयार असते. आणि माझ्या सुकटीच्या पोत्यावर? "मुंबईचा माल". बस्स. बंदरावर परदेशी बोटी तपासण्याचा आंतरराष्ट्रीय करारही २०१६ पासून लागू आहे, चांगलाच आहे. पण एकदा मासा वाळला, पोत्यात भरला आणि ट्रकवर चढला की जगातला कुठलाच करार त्याच्या मागे येत नाही.

भारताची बाजू मला पटते, हेही सांगतो. ज्या देशांनी सरकारी पैशावर अजस्र जहाजं बांधून दुसऱ्यांच्या समुद्रापर्यंत मजल मारली, त्यांनी आधी हात आखडावा आणि आपल्या गरीब मच्छीमाराला अनुदानाच्या बंधनांतून २५ वर्षांची सवलत असावी, यात गैर काय? मात्र गरिबाचं नाव पुढे करून एलईडी दिव्यांच्या उजेडात मासा गोळा करून रात्री समुद्र उपसणारे कोण असतात, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. जून-जुलैची मासेमारीबंदी पाळायची ती छोट्या यांत्रिक होडीवाल्याने, आणि उरलेले दहा महिने समुद्र उपसायचा तो मोठ्यांनी. अशा कारभाराने जिनिव्हाला जाऊन सही केली काय आणि न केली काय.

जाता जाता, एवढं जगाचं बघताच आहात तर आपल्या जिल्हा पानाचंही बघा. केळीचे भाव छापता ते रावेरचे की बऱ्हाणपूरचे, हे एकदा लिहा तरी. परवा छापलेला भाव दाखवला तर व्यापाऱ्याने पेपर घडी करून माझ्याच हातात दिला. या विषयावर मी आधीही लिहिलं होतं, ते छापलं गेलं नाही. हेही छापणार नसाल तर निदान भाव तरी दुरुस्त करा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. यावल, जि. जळगाव